रुखवतातल्या वाती

जुनी कॉलनी, खोली नंबर सात
२८ जुलै २०२५

चि. मायास,

आशीर्वाद लिहिला तर पुढचं न वाचता पत्र फाडशील, म्हणून लिहीत नाही, मनातल्या मनात देतो. बापाचं म्हणून वाचायचं नसेल तर कारखान्यातल्या एका जुन्या फिटरचं म्हणून वाच. तुझ्या फोनला माझा नंबर लागत नाही, आणि रविराजना फोन केला की बायको आणि सासऱ्याच्या मधे ते बिचारे कात्रीत सापडतात. बोलायला बसलो की मला राग येतो, आणि तुला माझ्याहून लवकर येतो. पत्रात निदान कुणी कुणाला मधेच तोडत नाही.

वरचा पत्ता बघून चमकली असशील. मी पुन्हा आपल्याच खोलीत येऊन राहिलो आहे. जुनं बॉयलर हाऊस आता पाडायचं आहे. कुठल्या पाइपवर काय गुंडाळलंय याचे नकाशे वाळवीनं खाल्ले. ते ठाऊक असलेली आम्ही दोघंच उरलो होतो, त्यातला धनाजी गेल्या वर्षी गेला. मग कारखानावाल्यांना मी आठवलो. आटपाडीकडच्या वस्तीवर जीप पाठवून मला नेलं, वऱ्हाडातल्या म्हाताऱ्याला नेतात तसं. खोली आहे तशीच आहे. तेच सिमेंटचे पत्रे, तीच मोरी, दारामागं तू दप्तर अडकवायचीस ती खुंटी.

पुण्याहून एक सर्वेक्षणवाली मुलगी आली आहे, अंकिता नावाची. तुझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असेल. ती बॅटरी घेऊन पुढं चालते, मी मागून सांगतो, आणि जिथं मी बोट दाखवतो तिथं ती लाल रंगाची फुली मारते. तिचा पहिला नियम असा की हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. छत्तीस वर्षं मी बघायच्या आधी हातोडा मारला. परवा कपडे वाळत घालायला पत्र्यात खिळा ठोकत होतो, तर तिनं मला लहान पोराला रागवावं तसं रागावलं. पत्रा धड आहे तोवर धड राहू द्यायचा, त्याला भोक पाडायचं नाही, घासायचं नाही, तो कुणाला काही करत नाही, असं म्हणाली. आता चड्ड्या खिडकीच्या गजांना वाळतात.

एक काम होतं. तुझ्या रुखवतात आईनं एक पितळी डबी ठेवली होती, वातींची. ती परत पाठवशील का? तिची आठवण म्हणून जवळ असावी असं वाटतं. उघडू नकोस, पुसू नकोस, आहे तशी रविराजांच्या हाती दे. घट २२ सप्टेंबरला बसणार आहेत, त्याच्या आधी मिळाली तर बरं.

तुझी शिवांजली आता सातवीत गेली असेल.

आप्पा

*

जुनी कॉलनी
१४ ऑगस्ट

माया,

रविवारी रविराजांचा फोन आला. तू कागदावर लिहून दिलेलं त्यांनी मला वाचून दाखवलं. त्यांचा आवाज असा होता जसं काही तेच गुन्हेगार आहेत. तू लिहिलंस की आईचं अंथरूण जाळलं, लुगडी जाळली, तिची ताट-वाटी विहिरीत टाकली, आणि आता उरलेली एक डबीही मागताय. ती मिळणार नाही. ह्या वर्षी शिवांजलीला वात वळायला शिकवणार आहे.

त्या शेवटच्या वाक्यापायी हे पत्र लिहायला बसलो.

तेव्हा आता खरं लिहितो. आठवण म्हणून डबी हवी आहे हे खोटं होतं. त्या डबीत जे आहे ते घरात ठेवण्यासारखं नाही.

वात कशाची होती ते तुला ठाऊक आहे, पण सुरुवात तुझ्या जन्माआधीची आहे म्हणून पहिल्यापासून सांगतो. बॉयलरमधली वाफ ज्या पाइपातून जाते तो उघडा ठेवला तर माणूस भाजतो. म्हणून त्याला पांढरी दोरी गुंडाळायची आणि वरून पांढऱ्या लगद्याचा गिलावा द्यायचा, ते माझं काम. दोरी मनगटाएवढी जाड. कापली की हातभर तुकडे उरायचे. १९८४ साली त्यातला एक तुकडा जेवणाच्या डब्यात घालून घरी आणला, चुलीवरची पातेली उतरवायला. तुझ्या आईनं तो उसवून बघितला. धनगराची लेक ती, लोकर दिसली की हात थांबायचे नाहीत. दोन बोटांत तो पांढरा तंतू घेऊन तिनं मला विचारलं, "आवं, ही कुठल्या मेंढराची?"

मी हसलो. ह्या मेंढराला आग लागत नाही म्हणालो. तिनं काडी ओढून बघितली, तंतू लाल झाला आणि पुन्हा होता तसा पांढरा. मग तिनं ती दोरी लोकरीसारखी हातानं पिंजली, चातीवर पीळ घातला आणि दिव्यात लावली. तेल जळायचं, वात जळायची नाही. काजळी नाही, पुढं सारायला नको.

त्या वेळी कॉलनीत बाया तिला हळदीकुंकवाला बोलवायच्या, पण सगळ्यांच्या शेवटी, आणि नावानं नव्हे. फिटरची धनगरीण म्हणायच्या. टाइमकीपरांच्या मनुबाईंचा अखंड दिवा त्या साली पाचव्या माळेला विझला. अपशकुन झाला म्हणून त्या ओसरीत बसून रडत होत्या. तुझी आई गेली आणि आपल्या समईतली वात काढून त्यांच्या दिव्यात ठेवून आली. पुढं दसऱ्यापर्यंत तो दिवा हलला नाही. दुसऱ्या वर्षी घट बसायच्या आधी आपल्या दारात बाया नारळ घेऊन उभ्या. कॉलनीत ती रंगुबाई झाली ती त्या वातीनं. मग मी तुकडे आणत गेलो. कधी उरलेले, कधी उरवलेले.

आता अंकितानं सांगितलेलं लिहितो. त्या दोरीचं नाव अॅस्बेस्टॉस, खोलीवरच्या सिमेंटच्या पत्र्यातही तेच असतं. तिचा तंतू केसाहून कितीतरी बारीक असतो, पिंजली किंवा झटकली की हवेत उडतो, डोळ्यांना दिसतही नाही. श्वासातून छातीत गेला की तिथंच बसतो. तीस वर्षं, चाळीस वर्षं काही होत नाही. मग छातीत पाणी भरतं, धाप लागते, आणि बघणाऱ्याला टीबी वाटतो. तुझी आई टीबीनं गेली नसावी, माया.

मला हे नाव ह्या जुलैत कळलं. आम्ही अडाणी माणसं, पांढरी दोरी म्हणायचो.

आता मन लावून वाच. तू दर साली त्या वाती सोडून झटकतेस आणि पुन्हा वळतेस, आईनं शिकवलं तसं. ते करू नकोस. डबीचं झाकण उघडू नकोस. पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाकून डबी बाहेरून ओली कर आणि प्लास्टिकच्या जाड पिशवीत घाल. तोंड चिकटपट्टीनं बंद कर, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घाल आणि पुन्हा बंद कर. डबी ठेवायचा फडताळाचा कप्पा ओल्या फडक्यानं पूस आणि फडकंही पिशवीतच टाक. केरसुणी लावायची नाही, पंखा बंद ठेवायचा, शिवांजलीला तेवढा वेळ बाहेर पाठवायचं. नाकाला रुमाल बांधून भागत नाही, मास्क लागतो. ह्या पत्रासोबतच दोन चांगले मास्क पाठवतो, अंकिताकडून मागून घेतलेत.

आप्पा

*

जुनी कॉलनी
३ सप्टेंबर

माया,

साडेतीन वर्षांनी तुझा फोन आला, आणि तो दीड मिनिटात संपला. तू काय बोललीस ते मी इथं लिहून ठेवतो, म्हणजे पुढं मला ते विसरता येणार नाही. तू म्हणालीस, "मिरजंत डॉक्टरांनी ह्येच नाव घिऊन इचारलं हुतं तुमाला. मी दाराशी हुते. तुमी न्हाई म्हणालासा. तवा खोटं बोलला का आता बोलताय, त्ये आदी ठरवा."

तू दाराशी होतीस हे मला ठाऊक नव्हतं.

लोक मला म्हणायचे, सुंभ जळेल पण आप्पासोचा पीळ जायचा नाही. मला त्यात भूषण वाटायचं. आता फोन ठेवल्यापासून पाच दिवस गेले, मी बॉयलर हाऊसला जातो, फुल्या दाखवतो, जेवतो, आणि कागद घेऊन बसलो की पेन पुढं जात नाही. आज लिहितोच.

तेव्हा खोटं बोललो. आणि गेल्या पत्रातही बोललो. ते नाव मला जुलैत कळलं नाही. १९९८ साली बॉयलर तपासायला आलेल्या साहेबांनी आम्हा अकरा जणांना शेडमध्ये बसवून तासभर सगळं सांगितलं होतं. फळ्यावर खडूनं ते नाव लिहिलं. ही दोरी ओली केल्याशिवाय कापू नका, कामाचे कपडे घरी नेऊ नका, बायकांना ते धुवायला देऊ नका, असं म्हणाले. वहीवर सह्या घेतल्या, त्यात माझी तिसरी होती. चहा पिताना धनाजी मला म्हणाला, "आप्पा, वहिनीस्नी सांग गड्या." मी म्हणालो, सांगतो.

मी दोरी आणायची बंद केली. तिला सांगितलं, स्टोअरकीपर आता देत नाही. एवढंच. पण खाटेखाली अर्धं पोतं होतं, ते तिथंच राहिलं. ती वाती वळत राहिली. काय सांगायचं होतं मी तिला? ज्या वातीनं चारचौघींत नाव मिळालं तीच टाक, आणि पुन्हा फिटरची धनगरीण हो? असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला भांडण नको होतं, आणि एवढ्यानं काय होतंय असंही वाटायचं. २००७ साली त्याच पोत्यातल्या शेवटच्या लोकरीच्या एकवीस वाती तिनं तुझ्या रुखवतात मांडल्या, डबीच्या झाकणाला हळदकुंकू लावून. तुझ्या सासरची माणसं बघायला वाकली तेव्हा मीच पुढं होऊन सांगितलं की ही वात जळत नाही, पोरीच्या नातवंडांनाही पुरेल. साहेबांनी फळ्यावर नाव लिहून तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

आता मिरजेचं. डॉक्टरांनी छातीतलं पाणी काढलं आणि मला आत बोलावून विचारलं, घरात कुणी अॅस्बेस्टॉसचं काम केलंय का. मी नाही म्हणालो. ते म्हणाले, टीबीसारखं वाटत नाही, छातीतला तुकडा काढून तपासू. मी त्यालाही नको म्हणालो, आणि टीबीच्या गोळ्या घेऊन आईला घरी आणलं. माझ्या मनात काय होतं ते तुला दोन भागांत सांगतो. पहिला भाग असा की ती दोरी कारखान्याची होती, विचारून आणलेली नव्हती, आणि भिंतीवर माझं आदर्श कामगाराचं प्रशस्तिपत्र फ्रेममध्ये होतं. चोराच्या मनात चांदणं. डॉक्टरांनी कुठं लिहिलं तर कारखान्यात कळेल, असं मला वाटलं. हा भाग मी आजवर स्वतःलासुद्धा सांगत आलो, कारण तो सोपा आहे.

दुसरा भाग असा की टीबी कुणालाही होतो. टीबीत कुणाची चूक नसते. दोरी असेल तर ती मी आणली होती.

म्हणून मी टीबी धरून ठेवला, माया. तिला वस्तीवरच्या घरी मागच्या खोलीत ठेवलं, ताट वेगळं केलं, तुला म्हणालो पोरीला घेऊन येऊ नकोस. कुणाला खरं वाटावं म्हणून हे करत होतो असं मला वाटायचं. मला स्वतःला खरं वाटायला हवं होतं. ज्याचा संसर्ग होत नाही त्या दुखण्यापायी तुझी आई पाच महिने माणसाच्या हातावाचून पडून राहिली. दहाव्याला घाटावर सगळ्यांच्या देखत तू म्हणालीस की तुम्ही तिला हात लावला नाही. तू म्हणालीस ते खरं आहे. तेव्हा मी तुझ्यावर ओरडलो.

परवा अंकिताला मी हे सगळं एका दमात सांगितलं. मी विचारलं, तेव्हा हो म्हणालो असतो तर ती वाचली असती का? ती म्हणाली, मी डॉक्टर नाही आप्पा, पण मला जेवढं ठाऊक आहे त्यावरून, नाही. मग म्हणाली, दुखणं कमी करता आलं असतं आणि त्या जवळ तरी राहिल्या असत्या. मला ती नाही म्हणाली म्हणून बरं वाटलं आणि त्याच क्षणी स्वतःची किळस आली.

अजून एक आहे. हे लिहायचं नव्हतं. तू फोन केला नसतास तर हे माझ्याबरोबर गेलं असतं.

दिवाळीनंतरची एक दुपार होती. मी तिचं जेवण उंबऱ्यात ठेवून मागं वळलो, तर आतून ती म्हणाली, "दोरीचं आसंल का वं ह्ये?"

तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या हातांना ते कळलं असावं. मी दारातूनच म्हणालो, "गप पड. टीबी हाय. गोळ्या खा."

धाप लागायची तिला, एक वाक्य बोलायचं तर दोनदा थांबायची. मग म्हणाली, "आसंल टीबी. पर मायाची डबी तेवढी मागवून घ्या. पोरीच्या घरात नगं ती."

मी हो म्हणालो. ती असेतोवर रोज विचारायची, डबी आली का. मी म्हणायचो, येते आहे. मी मागवली नाही. का हवी ते तुला सांगावं लागलं असतं.

तेव्हा ती डबी मी मागत नाही. आईनं मागितली आहे. तू मला बाप म्हण, नको म्हणू, ह्या घराचा उंबरा पुन्हा चढू नकोस, पण तिचं एवढं ऐक.

आप्पा

*

जुनी कॉलनी
१५ सप्टेंबर

माया,

तुझं काही आलं नाही. घटांना सात दिवस राहिले. मी पोस्टात दोनदा जाऊन आलो. पत्र पोचलं आहे म्हणतात.

तुझी वाट बघत नुसता बसलो नाही. कॉलनीत ज्या ज्या घरी तुझ्या आईच्या वाती गेल्या होत्या त्यांची नावं आठवून काढली. नऊ घरं निघाली. तिघीजणी आता नाहीत. त्या कशानं गेल्या हे मी त्यांच्या मुलांना विचारलं आणि वहीत लिहिलं. एकीच्या मुलानं छातीत पाणी सांगितलं. मला काय वाटतं ते मी त्याला सांगितलं. मग मी उठून आलो. दोघी मुलांकडं पुण्याला आहेत, त्यांना फोन केले. बाकीच्या चार घरी अंकिताबरोबर गेलो. मनुबाई आता ऐंशीच्या पुढं आहेत. त्यांच्या देवघरात वात अजून आहे, समईतच, तेलात मुरलेली. आम्ही पिशवी काढली तर त्यांनी समई पोटाशी धरली. म्हणाल्या, "देवीची वात हाय ती. रंगूनं दिलीया. रंगू आली तर दीन, तुमाला न्हाई देत."

मी म्हणालो, मनुबाई, तिनंच पाठवलंय मला. आयुष्यभर मारलेल्या थापांत ही आणखी एक, असं वाटलं. त्यांनी समई दिली. घरी परत येताना लक्षात आलं की ती थापही नव्हती.

बॉयलर हाऊसचं काम निम्मं झालं. ठेकेदाराला घाई आहे, उसाचं गळीत सुरू व्हायच्या आत मैदान मोकळं हवंय. त्यानं पहिल्या दिवशी बारा बाया आणल्या होत्या, हातानं दोरी सोलून घमेल्यातून बाहेर टाकायला, नाकाला पदर बांधून. अंकितानं काम बंद पाडलं. दोन दिवस आरडाओरडा झाला. मी आत जायच्या दारात खुर्ची टाकून बसलो, म्हणालो माझ्यावरून जा. म्हाताऱ्याला उचलायची कुणाची छाती झाली नाही. आता शिकलेली माणसं आलीत, अंगभर पांढरे कपडे आणि तोंडाला मोठे मास्क घालून. चारी बाजूंनी प्लास्टिक लावलंय, आधी पाणी मारतात, ओली झाली की हळूच कापतात, दोन पिशव्यांत भरतात. त्या बारा बायांतली एक जण जाताना मला शिव्या देऊन गेली, तिचा रोज बुडाला म्हणून. तिचंही बरोबर आहे.

डबी पाठव. बाकी काही मागत नाही.

आप्पा

*

जुनी कॉलनी
२० सप्टेंबर

माया,

काल दुपारी रविराज आले. मोटारसायकलच्या डिकीतून त्यांनी पिशवी काढली. दोन पिशव्या, दोन्हींची तोंडं चिकटपट्टीनं पक्की, आत ओलं फडकं. मी सांगितलं होतं त्याहून नीट केलंस तू. प्लास्टिकमधून झाकणावरचं हळदकुंकू दिसत होतं.

त्यांनी तुझा निरोप सांगितला. छातीचा फोटो काढलास, तो स्वच्छ आहे, पण कराडच्या डॉक्टरांनी सांगितलंय की आज स्वच्छ आहे म्हणून काही ठरत नाही, दर साली दाखवायला या. शिवांजलीनं वातीला कधी हात लावला नव्हता, आणि झटकायला तू गच्चीवर जायचीस, तेवढं तरी देवानं केलं. डॉक्टरांनी विचारलंय की नक्की काय होतं, किती वर्षं, किती जवळून. तू म्हणालीस की मला आप्पांची माफी नको, मला ते लेखी पाहिजे, सहीनिशी.

रविराज चहा न घेता निघाले. गाडीला किक मारता मारता म्हणाले, आवं, ती तुमची पत्रं ठेवतीया, फाडत न्हाई. एवढं मला पुष्कळ झालं.

पिशवी मी अंकिताकडं दिली. इथल्या प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी लावावी लागते, माल कुठून निघाला ते लिहून. माझं अक्षर बरं म्हणून ते काम माझ्याकडं आहे. बॉयलर नंबर दोन, मुख्य पाइप. बॉयलर नंबर दोन, उत्तरेचं वळण. तुझ्या पिशवीवर मी लिहिलं, खोली नंबर सात, रंगुबाईच्या हातची. अंकितानं वाचलं आणि तसंच राहू दिलं. संध्याकाळी ती पिशवी बाकीच्यांबरोबर पिंपात गेली आणि झाकण बसलं.

परवा कापसाची वात लाव. ती जळते, सारखी पुढं सारावी लागते. विझली तर पुन्हा लाव, काही अपशकुन नसतो.

तू मागितलेला कागद सोबत जोडला आहे.

आप्पा

*

कागद, डॉक्टरसाहेबांसाठी

मी आप्पासो, वय ६९, साखर कारखान्याचा निवृत्त फिटर, माझी मुलगी माया हिच्या तपासणीकरिता लिहून देतो की,

१९८४ ते १९९८ मी अॅस्बेस्टॉसची दोरी कारखान्यातून न विचारता घरी आणत होतो. माझी पत्नी रंगुबाई २००७ पर्यंत ती हातानं पिंजून तिच्या वाती करत होती. हे काम आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत, दार लावून चालायचं, कारण वाऱ्यानं तंतू उडायचे. माझे कामाचे कपडेही त्याच खोलीत झटकले जायचे. मुलीचा जन्म १९८५ चा. लग्न होईपर्यंत ती त्याच खोलीत राहिली. लग्नानंतर अठरा वर्षं नवरात्रात तिनं त्या वाती वापरल्या. ही वस्तू धोक्याची आहे हे मला १९९८ पासून ठाऊक होतं. तिला आणि तिच्या आईला ठाऊक नव्हतं.

२०२१ साली मिरजेच्या डॉक्टरांनी मला याबाबत थेट विचारलं होतं. मी नाही असं उत्तर दिलं. ते उत्तर खोटं होतं.

किती जवळून, असं आपण विचारलं आहे. मुलगी पाच-सहा वर्षांची असताना आई पिंजायला बसली की तिच्या मांडीला टेकून बसायची. तंतू उडाले की ती त्यांना म्हातारी म्हणायची, रुईच्या बोंडातून उडते तशी. फुंकर घालायची आणि तोंड उघडं ठेवून धरायला धावायची. मी कामावरून येऊन उंबऱ्याच्या आत बसून बघायचो. तिला हसू यायचं म्हणून कधी कधी मीच मूठभर पिंजलेलं घेऊन तिच्या डोक्यावर उधळायचो.

असं किती वेळा झालं ते मला सांगता येत नाही. ती मागायची तेव्हा तेव्हा करायचो.

सही
आप्पासो